जाडूबाईची न झालेली पिल्लं

आमच्या डुकरिणीला पिल्लं होणार, ही बातमी काकाने बेकरीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना देऊन टाकली होती. बेकरीवाल्याला तर एक पिल्लू कबूलही केलं होतं. जाडूबाईचं पोट सुटलं, आचळं भरली, तिने गवत ओढून बिछानासुद्धा केला. पण तारीख उलटली आणि पोट आपलं आपणच ओसरलं. पिल्लू एकही नाही!

"नाटकी आहे नुसती," काका भडकला. "वांझ डुकरीण पोसायला मी खुळा नाही. सोमवारी खाटकाला बोलावतो."

जाडूबाईला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय!

मी हट्ट धरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तपासून विचारलं, "हिला खायला काय घालता?"

"मका. सगळ्यांना तोच," काका म्हणाला.

"तोच नाही काही!" मी मध्येच तोंड घातलं. आमच्या कोठीत नवा मका वरून ओततात आणि वरूनच काढतात, त्यामुळे तळाचा तसाच राहतो. बाकीची डुकरं त्याला नाक मुरडतात, म्हणून काकू तो खरवडून जाडूबाईला घालते. ती बिचारी मिटक्या मारत खाते.

मी कोठीत डोकं खाली, पाय वर अशी लटकले आणि मूठभर दाणे काढले. गुलाबी!

"बुरशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओलीने धरते. हिचं विष मादीच्या हार्मोनची नक्कल करतं. शरीर फसतं आणि पिल्लांच्या तयारीला लागतं. नमुना तपासून घेऊ, पण बहुतेक हेच."

काकूचा चेहरा पडला. "उकडून घातला तर?"

"तरी विष जात नाही. कोंबड्यांनाही नको, फेकाच."

"बघ काका, नाटकी मका होता!"

"फार शहाणी झालीस!"

"झालेच आहे मुळी!"

तपासणीत विषच निघालं. खाटकाचं बोलावणं रद्द झालं, कोठी तळापर्यंत घासली गेली, आणि काही आठवड्यांनी जाडूबाई खरोखर माजावर आली आणि गाभणही राहिली. या वेळी काकाने कोणाकडे अवाक्षर काढलं नाही.

एका सकाळी मी वेणी घालत होते, तेवढ्यात तो शेडमधून ओरडला, "ए शहाणे, लवकर ये! अकरा आहेत! आणि त्या बेकरीवाल्याला फोन लाव!"

मी अर्ध्या वेणीनेच धावले.