गालातला पांढरा डाग

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी रखमाजीचा निवृत्ती अमेरिकेतून आमच्या टाकव्याला परत आला. तिकडे तो कर्करोगावर संशोधन करत होता. परदेशी गेलेली शिकलेली माणसं मायदेशी यावीत म्हणून सरकारने मानधन सुरू केलं होतं, त्यावर तो आला होता. कायमची नोकरी मिळेपर्यंत ते चालायचं, पण त्यालाही मुदत होती. दाताला लावायच्या तंबाखूच्या मिश्रीने बायकांच्या तोंडात काय होतं, हे त्याला शोधायचं होतं. मुंबईच्या प्रयोगशाळेतून तो अधूनमधून गावी यायचा, बापाच्या ओसरीवर बसायचा आणि बायकांना तोंड उघडायला सांगायचा.

कोणी जात नव्हतं.

"अमेरिका सोडून कुनी माघारी येतं व्हय?" शेजारची चिंगी नदीवर धुणं आपटत म्हणाली. "तितनं हाकललं आसंल. गालाचा तुकडा काडून बाटलीत घालतो म्हनं. इकत आसंल कुटंतरी."

"तुज्या गालाला कोन गिऱ्हाईक मिळनार गं?" मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. मीही पदर तोंडाशी धरून हसले, आणि हसताना डावा गाल आतून चुरचुरला.

तिथे काहीतरी खरखरीत जिभेला लागायचं. तिखट सोसत नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. माहेरी, बेडशाला, माझी आई असंच तिखट खाणं बंद होऊन आजारी पडली. मग तिच्या गालाला भोक पडलं. वास येतो म्हणून शेवटी तिला गोठ्यात ठेवली. मी भाकर दुधात कुस्करून भरवायचे आणि ती गालाच्या भोकातून बाहेर यायची.

शिमगा जवळ आला तेव्हा चिंगीनेच बातमी आणली. "निवृत्तीची मुदत सपत आली म्हनं. नोकरी काय मिळंना. चालला माघारी अमेरिकेला."

तोवर मला तो तोंड बघेल याची भीती होती. आता कोणीच बघणार नाही, याची वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे जायला निघाले. मोठ्या माणसापुढे तोंड उघडायचं, तर ते साफ हवं. तव्यावर तंबाखू भाजून ताजी मिश्री केली आणि दात, हिरड्या, गाल, सगळं घासलं. दुखत होतं तिथे जास्तच घासलं.

निवृत्तीने बॅटरी लावून आत पाहिलं. "वहिनी, मिश्री लावून आलात?"

"व्हय. घासल्याबिगर कसं यावं?"

त्याने बॅटरी विझवली. "सगळं काळं झालंय, त्यात रक्त. मला काही दिसत नाही. आठवडाभर मिश्री बंद करा, मिठाच्या पाण्याने चुळा भरा आणि पुन्हा या."

"तवर तुमी ऱ्हानार का?"

"तेवढाच आठवडा आहे," तो म्हणाला.

तो आठवडा फार वाईट गेला. मिश्रीशिवाय पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, हात आपोआप डबीकडे जायचा. सासूबाईंच्या लक्षात आलं.

"तुकडा काडून देनार हायस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आत्याबाई."

"लोखंड लागलं की त्यो रोग चवताळतो. तुज्या आयच्या गालाचं गळू वैदूनं कापलं, मंगच ती गेली. इसरलीस?"

विसरले नव्हते. तरी गेले. या वेळी त्याला डाग दिसला. त्याने गालात सुई टोचली. गाल बधिर झाला, तरी आतलं कुरतडणं कळत होतं. मी ओसरीचा खांब घट्ट धरला. तुकडा तांदळाच्या कणीएवढा निघाला. त्याने तो बाटलीत घातला आणि कामशेतला जाऊन मुंबईची गाडी धरली.

शिमगा झाला. निवृत्ती काही आला नाही. गाल सुजला होता आणि सासूबाई माझं ताट वेगळं वाढू लागल्या. वाटेवर कोणाची सायकल वाजली की माझ्या हातातलं काम थांबायचं.

शेवटी तो आला. मुदत संपून गेली होती, तरी आला. अंगणातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, अजून कर्करोग नाही. पण त्या डागाचा होऊ शकतो. मिश्री कायमची सोडा, आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी तोंड बघायला हवं."

"कोन बघंल?"

त्याने मान खाली घातली. "मला परत आणायला सरकारकडे पैसे होते. ठेवून घ्यायला नाहीत. पुढच्या आठवड्यात मी निघतो. तुम्ही मुंबईच्या इस्पितळात जात जा."

"मला मुंबईला कोन नेतंय, भाऊ?"

मग त्याने घरातला कुंकवाचा आरसा मागितला, मला उन्हात बसवलं आणि गाल बोटाने बाहेर ओढायला शिकवलं. आरशात मी तो डाग पहिल्यांदा पाहिला. वाळलेल्या चुन्यासारखा पांढरा.

"इथे बोट लावा. आता मऊ लागतंय ना? हेच टणक लागलं, लाल झालं किंवा फुटलं, तर एक दिवसही थांबू नका. कर्ज काढा, भांडा, पण जा."

मी डागावर बोट ठेवलं. मऊ होता. पुन्हा दाबून पाहिलं. निवृत्ती अंगणातून गेला, तरी माझं बोट तिथेच होतं. ते काढलं की तेवढ्यात डाग टणक होईल, असं वाटत होतं.