पितळ कोणाच्या नावावर

काकू दर शनिवारी चर्चमधलं पितळ घासायच्या.

म्हणजे काय?

म्हणजे वेदीवरचे मेणबत्त्यांचे दोन स्टँड, मधला क्रूस, दाराच्या मुठी आणि बाप्तिस्म्याचं पात्र. आठवडाभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांच्या कोटांवरचे डाग काढायचे आणि शनिवारी दुपारी इथले. जाता जाता वेदीपुढच्या गालिच्याची उचललेली कड दोन टाके घालून बसवायची. कुणी सांगितलं नव्हतं. कमिटीने एकदा आभाराचा ठराव केला, तेव्हा काकूंनी विचारलं होतं, ठरावाऐवजी एखादं चांगलं फडकं मिळेल का.

(प्रश्न विचारायची ही तऱ्हा या चर्चचीच. ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या वाटेने जाणारे लोक मुलांना धर्म शिकवतात तो असा: आधी एक वाक्य, मग ‘म्हणजे काय?’, मग उत्तर. काकू लहानपणी सगळी उत्तरं घडाघडा म्हणायच्या. कळली किती, ते कुणी तपासलं नव्हतं.)

त्या हे सगळं नवऱ्यासाठी करत होत्या.

म्हणजे काय?

नवऱ्याचा बाप्तिस्मा याच पात्रातल्या पाण्याने झाला होता. त्यानंतर तो लग्नापुरता एकदा आत आला, तेवढाच. रविवारी काकूंना गाडीने सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर सीट मागे टाकून पेपर वाचायचा. चला ना आत, म्हटलं तर म्हणायचा, “तू आहेस की आत. दोघांनी कशाला गर्दी करायची?” माणूस वाईट नव्हता. आळशी होता. कुणी ग्लास हातात देईपर्यंत तहान सोसायचा. गेला तोही खुर्चीत बसल्या बसल्या.

काकूंना घोर लागला. देवाच्या हिशेबात त्याच्या बाजूला काहीच नव्हतं, तेव्हा आपणच काहीतरी घालावं असं त्यांनी ठरवलं. घासताना मनात म्हणायच्या, हा स्टँड त्याचा. हाही त्याचाच.

धर्मसुधारणेच्या रविवारी नवे पाळकसाहेब क्षमापत्रांवर बोलले.

म्हणजे काय?

पाचशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये कागद विकत मिळत. मेलेल्या आईबापांसाठी घ्या, त्यांची शिक्षा कमी होईल. ल्यूथरने विचारलं, हे कुठे लिहिलंय? देव माणसाला जवळ करतो तो निव्वळ कृपेने, विश्वासाने ती हातात पडते, कष्टाने नाही. “एकाची सत्कर्मं दुसऱ्याच्या खात्यात वळती होत नाहीत,” पाळकसाहेब म्हणाले. “स्वतःच्याही नाही. खातंच नाही.”

प्रवचन लोकांना आवडलं. पहिल्या बाकावरून काकूंनी स्टँडकडे पाहिलं. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं, लांबट.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

म्हणजे काय, हे कमिटीलाही कळेना. पितळ मळकट झालं, मग तपकिरी. शेवटी नणंदेला पाठवलं. ती कमिटीवर होती आणि घरचीही.

“वहिनी, रागावलात का कुणावर?”

“नाही गं. प्रवचन ऐकलं.”

“प्रवचन सगळेच ऐकतात.”

“खोटं होतं का ते?”

नणंदेची पंचाईत झाली. हो म्हणावं तर धर्म बुडतो, नाही म्हणावं तर पितळ काळं पडतं.

“मी तुझ्या दादासाठी घासत होते,” काकू म्हणाल्या.

“अगंबाई. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आवड आहे.”

“पितळ घासायची आवड कुणाला असते?”

नणंद हळूच म्हणाली, “मग आता दादाचं काय?”

“तेच विचारायला जाते.”

पाळकसाहेब चर्चच्या मोरीत बाह्या सरसावून स्टँड घासत होते, भांड्यांच्या तारेच्या काथ्याने. पितळावर ओरखडेच ओरखडे. काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

“साहेब, आमचे हे कधी आत आले नाहीत. त्यांचं काय झालं असेल?”

“त्यांच्या मनात काय होतं, ते मी नाही सांगू शकत, काकू. पण त्यांचा बाप्तिस्मा झालाय ना? तो देवाने दिलेला शब्द. देव शब्द फिरवत नाही. मी त्याच्याच भरवशावर राहतो.”

“आणि मी घातलेलं?”

“त्याने काही फरक पडला नाही.”

“थोडाही?”

“थोडाही नाही.”

“मग माणसाने काही करायचंच कशाला?”

पाळकसाहेबांनी काथ्या खाली ठेवला. “देवाला लागत नाही. शेजाऱ्याला लागतं. प्रवचनाचं दुसरं अर्धं तेच होतं.”

“ते कुठे गेलं?”

“वेळ संपला. बाहेर चहा निवत होता.”

एवढ्यात ऑर्गन वाजवणारे आजोबा आत आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. वेदीपुढच्या गालिच्यात पाय अडकून आपटले होते.

“कड सुटलीय का?” काकूंनी विचारलं.

“कड कसली, फणा काढून बसलीय. आता रविवारी मी डाव्या हाताने वाजवणार. लोकांनीही अर्ध्याच आवाजात गावं.”

काकूंनी पर्समधून जाड सुई आणि दोरा काढला, गुडघे टेकले आणि कड शिवायला घेतली. या वेळी मनात कुणाचं नाव घेतलं नाही. आजोबांचे बूट समोरच होते.

“बरं झालं, काकू,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि स्टँडचं?”

“आजोबा त्याला अडखळतात का?”

“नाही.”

“देवाला लागतं का?”

“नाही.”

“मग चाललंय ते चालू दे. फक्त तो काथ्या टाका.”

घरी आल्यावर त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. घोर गेला होता. त्या जागी राग आला होता, चांगला खणखणीत.

“जन्मभर आयतं खाल्लंत,” त्या म्हणाल्या, “आणि तिकडेही आयतंच.”

फोटोतला माणूस नेहमीसारखा निवांत होता. काचेवर धूळ होती. काकूंनी पदराने ती पुसली, मग हात थांबवला.

“तुमच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नव्हतं.”