सात नंबर, तासाच्या भाड्यावर

मी एक जुनी सायकल आहे आणि मला उभं राहायला आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, तुम्ही गोष्ट ऐकायला निवांत बसला असाल. मला निवांतपणा कधी जमलाच नाही. स्टँडवर लावलं तरी माझं पुढचं चाक आपसूक रस्त्याकडे वळतं. हा स्वभाव मला कुठून लागला ते ऐका, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, बाजाराच्या तोंडाशी कडूबाचं सायकलचं दुकान आहे. चाळीस वर्षांपूर्वी तिथं बारा सायकली तासाच्या भाड्यानं मिळत. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. माझा सात. बाराजणींत मधली दांडी नसलेली, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘लेडीज’, मी एकटीच. मुलांनी नाकं मुरडली, मुलींनी माझ्यासाठी रांग लावली. मुलांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

दुकानाच्या दाराला एक काळी पाटी टांगलेली असे. सायकल नेली की कडूबा तिच्यावर खडूनं नंबर, नाव आणि वेळ लिही. परत आणून लावली की ओल्या फडक्यानं पुसून टाकी. तास म्हणजे तास. वर पाच मिनिटं झाली की तो कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभा राही आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडे, “सात नंबर कुठं मेली रे?” रोज हेच कानावर पडलं तर अंगात घाई मुरणार नाही तर काय होणार?

त्यामुळे माझ्या जगाला एक हद्द होती. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. दौलताबादच्या रस्त्यानं निघालं की पडेगाव मागं पडे, मिटमिटा मागं पडे आणि त्याच्या थोडं पुढं रस्त्याकडेला एक चिंचेचं झाड लागे. तिथं अर्धा तास संपे. तिथून किल्ल्याचं नुसतं टोक दिसे. भाड्यानं सायकल नेणारी सगळी मुलं तिथं एक पाय टेकवून ते टोक बघत आणि माघारी वळत. चिंचेच्या पुढचा रस्ता कसा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

चिंचेपर्यंत सगळ्यांत लवकर पोचायची ती रूपा. भावसिंगपुऱ्यातली तेरा वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या, पायात चप्पल असली तर असली. रविवारी दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर हजर असे. पाय इतके चपळ की माझी चेन कुरकुरायला लागे. एका रविवारी चिंचेपाशी ती थांबलीच नाही. “आज किल्ला बघायचाच,” असं म्हणाली आणि सरळ पुढं निघाली. मी तर हरखून गेले. पण आम्ही दोनशे पावलंही गेलो नसू, तोच एका खड्ड्यात मी आदळले आणि माझी चेन निसटून मधेच अडकून बसली. रूपानं ओढून पाहिली, बोटं काळी केली, रडकुंडीला आली. शेवटी मला हातात धरून ती छावणीपर्यंत चालत आली. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाटीवर आमचं नाव तसंच होतं आणि पाटीखाली कडूबा उभा होता.

त्यानं आधी माझी चेन तपासली. संध्याकाळी रूपाच्या घरी गेला आणि तिच्या वडिलांना एवढंच म्हणाला, “पोरगी लई लांब जायलीय.” पुढच्या रविवारी रूपा आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चेन माझी पडली आणि सायकल तिची सुटली. याची रुखरुख मला अजून आहे, मित्रांनो.

मधली वर्षं भराभर सांगते, त्यांत रेंगाळण्यासारखं काही नाही. घरोघरी मोटारसायकली आल्या. भाड्याची सायकल कोण नेणार? कडूबा पंक्चर काढू लागला. माझ्या बहिणी एकेक करून सुट्या झाल्या. कुणाची चाकं गेली, कुणाचं हँडल. मला मात्र त्यानं दुकानात मागं, छताच्या हुकाला टांगून ठेवलं. चाकं भुईला न लागता वीस वर्षं काढायची, आणि तीही माझ्यासारखीनं! दारातून वारा आला की माझं पुढचं चाक अर्धा फेरा घेई. तेवढाच माझा प्रवास.

मग ती साथ आली. आधी रस्ते ओस पडले आणि टाळेबंदी उठल्यावर जो तो सायकल मागत सुटला. घरात बसून लोक आंबून गेले होते. आणि नेमक्या त्याच वेळी दुकानांतून सायकली गायब! वर टांगल्या टांगल्या मी रोज तेच ऐकत होते. गिअर बाहेरून यायचे ते आलेच नाहीत, टायर मिळत नाहीत, कारखान्यातली माणसं गावाकडे गेलीत. नाव नोंदवा आणि वाट बघा.

दोन हजार एकवीसचा पावसाळा सरता सरता एक पन्नाशीकडे झुकलेली बाई आपल्या मुलाबरोबर दुकानात आली. मुलाचं नाव सम्यक, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. हातातल्या फोनवर सायकलींचे फोटो.

“काका, आईसाठी गिअरची सायकल पायजे, परवडंल अशी,” तो म्हणाला. “सगळं शहर पालथं घातलं. जिथं जावं तिथं नुसतं बुकिंग घ्यायलेत. अन् जी दुकानात उभी हाय, तिची किंमत ऐकून घाम फुटायलाय.”

कडूबा आता सत्तरीचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “कुठं जायचंय बाईला?”

गिऱ्हाइकाला सायकल निवडून द्यायची त्याची हीच रीत. दूध घालायचं असेल तर जाड कॅरिअर, कंपनीत जायचं असेल तर भक्कम रिम. जायचं ठिकाण कळलं की सायकल ठरली.

“कुठंच नाय,” बाई म्हणाली. “नुसतं फिरायचंय.”

कडूबा बघतच राहिला. “नुसतं म्हंजी? भाजी आणायची का? डबा पोचवायचा?”

“नाय हो काका. तीस वर्षं झाली, शिलाई मशीनचं पायडल मारायलेय. एक हातभर पुढं सरकले नाय. आता शाळा बंद, शाळेचे ड्रेस शिवायचं बंद, अन् पाय काय गप बसंनात. बसल्या जागी हालायलेत.”

हे ऐकलं आणि माझं मन तिच्याकडे गेलं. माझ्यासारखीच होती ती, फक्त हुकाऐवजी स्टुलावर. कडूबानंही मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“ही?” सम्यक म्हणाला. “हिला तर गिअर पण नाय.”

“गिअर नाय म्हणूनच घे म्हणतो. उद्या बिघडला तर सुटा भाग कुठून आणशील? बाहेरून काय येईना, म्हणून तर दारोदार फिरायलास. हिचं सामान इथं छावणीत कुणी पण देतंय. अन् ते फोनात बघू नको. आईला बसवून बघ. बसल्यावर दोन्ही पाय भुईला टेकले, हात आखडले नाय, की सायकल तिची.”

त्यानं मला खाली उतरवलं आणि मडगार्डवरची धूळ फडक्यानं पुसली. पांढरा सात दिसला तशी ती बाई पुढं आली आणि तिनं त्या आकड्यावर बोट फिरवलं.

“ही सात नंबर?” ती कडूबाकडे वळली. “काका, मी रूपा. भावसिंगपुऱ्याची.”

कडूबाचा हात फडक्यावरच थांबला.

“तुमी आमच्या वडलांना सांगितलं व्हतं,” ती म्हणाली.

“व्हय,” तो म्हणाला. “सांगितलं. मला सायकलीची काळजी व्हती, तुझी नाय. आता खोटं कशाला बोलू?”

रूपा चिडली नाही आणि ‘जाऊ द्या’ असंही म्हणाली नाही. “चेन घट्ट करून द्या,” एवढंच म्हणाली.

दोन दिवसांत त्यानं मला उभं केलं. तीन नंबरची चेन, नऊ नंबरचं सीट, कुठून तरी जपून ठेवलेले दोन टायर. माझ्या बहिणी थोड्या थोड्या माझ्यात आल्या. गिअरच्या सायकलीला नुसते टायर घ्यावेत तेवढ्या पैशात मी रूपाची झाले. सम्यकनं तरीही एका दुकानात गिअरच्या सायकलीसाठी आईचं नाव नोंदवलं. “ती येईपर्यंत हिच्यावर भागव,” म्हणाला. मला हे झोंबलं, पण पोरगा वाईट नाही.

रूपा मला घेऊन निघाली, तेव्हा कडूबाच्या हातानं सवयीनं खडू उचलला आणि पाटीवर लिहिलं: सात, रूपा, सव्वानऊ. लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो हसला, ती हसली. पुसायला मात्र तो विसरला, की त्याला पुसवेना, कोण जाणे. ती अक्षरं तशीच राहिली.

रोज पहाट फुटली की आम्ही निघायचो. पहिल्या आठवड्यात रूपाला धाप लागे, दुसऱ्यात तिचे पाय जागे झाले आणि महिन्याभरात माझी चेन पूर्वीसारखी कुरकुरायला लागली. पडेगाव, मिटमिटा आणि चिंच. चिंच अजून होती. तिथं पोचलो की रूपा एक पाय टेकवून किल्ल्याचं टोक बघे, “चला, वेळ झाली,” म्हणे आणि माघारी वळे.

कसली वेळ? घरी कुणी खोळंबलेलं नव्हतं, तिच्या हातात घड्याळ नव्हतं, भाडं लागत नव्हतं. तरी चिंच आली की तिचा हात ब्रेकवर जाई. मी मनातल्या मनात ओरडे, अगं बाई, पुढं चल! पण खरं सांगते, झाडाची सावली अंगावर आली की माझ्याही चाकांना धास्ती वाटे. ‘सात नंबर कुठं मेली रे’ असं मागून ऐकू येईल, असं वाटे. असे चार महिने गेले. मी बेचैन, ती बेचैन, आणि दोघी मुकाट्यानं परत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नवी सायकल आली. निळी, एकवीस गिअर, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सम्यकनं ती अंगणात लावली आणि मला भिंतीकडे सरकवलं. “आई, उद्या नऊला भंगारवाला येतोय. जुनी देऊन टाकू. दोन दोन ठेवायला जागा कुठंय?” रूपा निळ्या सायकलीवर बसून पाहत होती. पाय भुईला टेकत नव्हते. तरी तिनं त्याला नाही म्हटलं नाही, आणि ते मला फार लागलं.

रविवारी पहाटे तिनं निळी सोडून मला बाहेर काढलं. शेवटचा फेरा, मी समजले. पडेगाव कसं गेलं कळलं नाही. चिंच आली. ब्रेक लागला. रूपा खाली उतरली, माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. किल्ल्याचं टोक कोवळ्या उन्हात तांबूस दिसत होतं.

“सात नंबर,” ती म्हणाली, “परत जाऊन तरी काय करायचंय गं तुला? भंगारातच जायचं ना? मग कशाची घाई?”

आणि ती बसली. चिंच मागं गेली! जिथं चेन पडली होती तिथला खड्डा कधीच बुजला होता. मी तिथं श्वास रोखून धरला, पण तीन नंबरची चेन पक्की निघाली. मग शरणापूर, मग एक चढ. तिथं रूपा उतरून मला ढकलत चालली, घामानं निथळली, पण थांबली नाही. आणि मग वळणावर अख्खा किल्ला समोर उभा. इतकी वर्षं ज्याचं टोक पाहिलं, त्याला खाली एवढं मोठं अंग असेल, असं मला वाटलं नव्हतं. रूपानं मला एका पेरूवालीच्या गाड्याला टेकवलं, खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. पेरूवालीनं काही न विचारता तिला पाणी दिलं.

फोन वाजला. सम्यक होता. “आई, कुठंयस? तास कधीच होऊन गेला! भंगारवाला येऊन बसलाय.”

“त्याला चहा पाज अन् वाटंला लावून दे,” रूपा म्हणाली. “अन् ती निळी तुझ्या मापाची हाय. तूच चालव.”

मग तिनं डोळे पुसले आणि स्वतःहून दुसरा नंबर लावला.

“कडूबाकाका, रूपा बोलायले. सात नंबरला आज उशीर व्हईल.”

पलीकडे बाजाराचा आवाज येत होता. “किती?” कडूबानं विचारलं.

“ठाव नाय.”

 तो म्हणाला, “बरं. पाटी पुसतो.”

मित्रांनो, आम्हा सायकलींच्या चेनला तेल द्यावं, हवा बघावी, पावसात ठेवू नये, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळंच मागते. आम्हाला हुकाला टांगू नका. आणि तुमच्या घरात कुणाचे पाय बसल्या जागी हलत असतील, तर तिला आमच्यावर बसवा, आणि कुठं चाललीस, किती वाजता येशील, हे एक दिवस तरी विचारू नका. आता पुरे झालं. रूपानं कुलूप काढलंय, सम्यक निळीवर बसून केव्हाचा खोळंबलाय, आणि मी एवढा वेळ एका जागी उभी आहे.