अडुसष्ट वजा केले की पिल्लू

आमच्या घरात माणसाचं वजन अडुसष्ट किलो धरतात. लिफ्टमधल्या पाटीवर तसंच असतं: आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. लिफ्टच्या दुरुस्तीत बावीस वर्षं काढलेल्या आमच्या ह्यांचं वजनही नेमकं अडुसष्ट भरलं आणि हे स्वतःला प्रमाण समजू लागले. नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला सांगून मोकळे होतात.

त्यामुळे बटणाचं वजन करायची पद्धतही ठरलेली. बटण म्हणजे माझ्या नणंदेच्या कुत्रीचं पिल्लू, दहा आठवड्यांचं. काट्यावर एकटं ठेवलं तर ते काट्यालाच चावतं. म्हणून हे त्याला छातीशी धरून उभे राहणार, मी वाकून आकडा वाचणार आणि हे त्यातून अडुसष्ट वजा करणार. आलं त्या दिवशी भरले चौऱ्याहत्तर. बटण सहा किलो.

पिल्लू देताना नणंदेनं बजावलं होतं, "पाकिटातले दाणे सोडू नकोस. माझी सगळी पिल्लं त्यावर वाढलीत." म्हणजे ह्यांनी ते सोडणं आलंच. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून तक्ता लिहून आणला. पहिले तीन दिवस एक भाग कच्चं मांस नि तीन भाग दाणे, मग निम्मं निम्मं, दहाव्या दिवसापासून सगळंच कच्चं: कोंबडीच्या माना हाडांसकट, थोडा खिमा, बोटभर काळीज.

फोनवर नणंदेला कळलं तेव्हा मला पलीकडचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला.

"पंधरा दिवस देते तुला! दुसऱ्या रविवारी येईन. वजन घटलं असेल तर पिल्लू माझ्या टोपलीत."

"घटेल कशाला, ताई?" हे म्हणाले. पण फोन ठेवला आणि बैठकीत तीन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर ह्यांचा पाय म्हणून ठरेना. सकाळी उठल्याबरोबर फ्रीझर. मांस नीट सुटलं का, वेगळी फळी घासली का, कात्रीनं मान कापली ती लहान झाली की मोठी? मग हात तीनदा धुवायचे, जेवायला बसायचं, घास तोंडाशी न्यायचा, बोटं हुंगायची आणि ताट सरकवायचं. "तुझ्या हाताला चव आहे गं, माझ्याच हाताला वास आहे," असं वर मलाच समजवायचे.

पाचव्या दिवशी बटणाचं पोट बिघडलं. दर तासाला खाली न्यायचं. लिफ्टचं दार लागलं की ते थरथरतं आणि तिथेच कार्यभाग उरकतं, म्हणून पिल्लू बगलेत मारून जिना. आम्ही पाचव्या मजल्यावर.

"काय हो, बंद पडली?" खालची शिक्षिका विचारायची.

"चालू आहे की."

"मग?"

"ह्याला पसंत नाही."

"कमाल आहे! तुमचीच लिफ्ट, आणि घरातच गिऱ्हाईक नाही?"

दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं, पण ह्यांचा विश्वास बसला नाही. फेऱ्या चालूच. कामावरून जेवणाच्या सुट्टीतही धावत यायचे, पिल्लाला फिरवायचे, डबा तसाच परत.

पहिल्या रविवारी आकडा आला त्र्याहत्तर तीनशे. बुधवारी बहात्तर नऊशे. शनिवारी बहात्तर सहाशे.

"चार किलो सहाशे," हे पुटपुटले. "मी मारतोय ह्याला."

"अहो, काल गळपट्टा एक भोक सैल केला मी. आवळत होता."

"सूज असेल."

"सूज? मघाशी माझी चप्पल घेऊन पलंगाखाली गेलं ते सूज आल्यामुळे?"

डॉक्टरीणबाई सोमवारपर्यंत सुट्टीवर. ह्यांनी दाण्यांचं पाकीट काढलं, आत ठेवलं, पुन्हा काढलं. जाऊन बटणाच्या बरगड्या मोजल्या. ते हात चाटत राहिलं. "ताईकडे गेलं तर हाक मारायला घरात कोण उरलं," असं भिंतीला म्हणाले. मी तिथेच उभी होते. पण ह्या वेळी सोडून दिलं.

रविवारी नणंद टोपली घेऊनच आली.

"दिसायला तर गुटगुटीत दिसतंय."

"दिसण्यावर जाऊ नकोस," हे म्हणाले. दुसरा कोणी गप्प बसला असता. हे पिल्लू उचलून स्वतःहून काट्यावर चढले. मी वाकले. बहात्तर सहाशे.

"चार सहाशे. घटलंय, ताई."

नणंदेनं टोपलीचं झाकण उघडलं. "सांगितलं होतं. दे इकडे."

ह्यांनी दिलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच एका जागी उभे होते. शेवटी तिनेच पुढे होऊन पिल्लू ओढून घेतलं आणि मागे झुकली.

"अगं आई! चार किलो म्हणे. माझा खांदा निखळला!"

हे अजून काट्यावर, मी अजून वाकलेली. माझ्या डोळ्यांदेखत आकडा उतरला.

"पासष्ट पाचशे," मी वाचलं.

"कोण?"

"तुम्ही."

हे खाली उतरले, पुन्हा चढले. पासष्ट पाचशेच. वजाबाकी तिघांनीही मनात केली, पण तोंडाने मी बोलले, "सात किलो शंभर. बटण चांगलं वाढलंय. घटलात तुम्ही."

नणंदेनं भावाकडे आता कुठे नीट पाहिलं. "अरे, गाल कुठे ठेवलेस?" तिनं टोपलीचं झाकण लावलं. "पिल्लू राहू दे. पण तुला खायला कुठला तक्ता दिलाय ते सांग."

हे ऐकतच नव्हते. "माझं अडीच किलो गेलं. त्याचं एक किलो शंभर वाढलं. मग मधलं एक चारशे—"

"बस तिथे! वाढ गं ह्याला."

मी ताट वाढलं. दोन घास गेले असतील नसतील, बटण दाराशी जाऊन गोल फिरायला लागलं. हे घासासकट उठले.

"खाली बस म्हटलं ना!" नणंदेनं पदर खोचला आणि पिल्लू काखेत घेतलं. "किती पायऱ्या आहेत रे?"

"नव्वद. उतरताना डावीकडचा कठडा धर. तिसऱ्या मजल्यावर त्याला थोडं—"

ती केव्हाच दाराबाहेर पडली होती. जिन्यात तिचं बोलणं मजल्यामजल्याने खाली उतरत गेलं, अर्धं पिल्लाला, अर्धं ह्यांना. हे कान तिकडे लावून बसले होते. हात मात्र ताटात चालला होता.