भिंत ऐकताना

"दिवा बंद करा ताई," मुकादम म्हणाला. तिने हेल्मेटवरचं बटण दाबलं.

खाणीच्या पोटात, बोगदा संपतो तिथे लावलेल्या धोक्याच्या साखळीच्या अलीकडे दोघं अंधारात उभी राहिली. समोर आठ मजली इमारत मावेल एवढी पोकळी होती आणि तिची एक बाजू दगडाची नव्हतीच. त्या बाजूचं खनिज आधी काढून झालं होतं. रिकाम्या जागेत खाणीचाच उरलेला बारीक चिखल सिमेंटमध्ये कालवून भरला होता. आता अलीकडचं खनिजही सुरुंगांनी निघालं, आणि भरावाची ती भिंत कसल्याही आधाराशिवाय उघडी पडली होती.

मागच्या वर्षीची अशीच भिंत तिसऱ्या दिवशी ढासळली. आज तिसरा दिवस होता.

तेव्हा वर प्रयोगशाळेत तिने तपासलेले भरावाचे नमुने दगडासारखे टणक निघाले होते. मग तीन आठवडे ती मिश्रण खाली नेणाऱ्या पाइपच्या मागोमाग उतरत राहिली, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते कळलं. पाइप तुंबू नये म्हणून माणसं वाटेतला पाण्याचा व्हॉल्व्ह जरासा सोडत. वर घट्ट मिश्रण, खाली नुसती पेज. तिने फर्मान काढलं: थेंबभरही पाणी नको. साहेबांनी एका भिंतीपुरती परवानगी दिली. ही पडली, तर उरलेलं खनिज कायमचं जमिनीत राहणार होतं आणि ती प्रयोगशाळेत.

"कागदावर पाइप तुंबत नाही ताई," मुकादम चारचौघांत म्हणाला होता. हशा पिकला होता.

"भिंत आधी बोलते, मग पडते," आता तो कुजबुजला. "ऐका."

तिने श्वास रोखला. एक खडा घरंगळला. मग काहीच नाही. दहा मिनिटं काहीच नाही.

"मुकी आहे," तो म्हणाला. "तुमच्यावर नाही गेली."

तिने दिवा लावला, लांब दांड्यावरचं मोजणीयंत्र पोकळीत सरकवलं आणि पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले. हातगाडीभर पापुद्रा सुटला होता. बाकी भिंत जशीच्या तशी. तिने खाणीच्या फोनवरून साहेबांना आकडा सांगितला.

"पुढचे चारही भराव तुझ्याच पद्धतीने," पलीकडून आवाज आला.

फोन ठेवून ती इतक्या मोठ्याने हसली, की बोगदाही मागून हसला.

जेवणाच्या खोलीत ती मुकादमासमोर बसली. "काका, पाइप तुंबलाच नाही ना शेवटी?"

"तुंबला की. चारदा." त्याने डब्याला गुंडाळलेली दोरी सोडली. त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. "पाइप खोलून, ठोकून मोकळा केला."

"आणि कुणी व्हॉल्व्ह सोडला नाही?"

त्याने पोळ्यांखालून हाताच्या पंजाएवढं लाल लोखंडी चाक काढून टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्ह फिरवायचं चाक.

"बायको रोज विचारते, डब्यात हे काय घेऊन फिरता."

 तिने ते उचलून पुन्हा त्याच्या डब्यात ठेवलं.

"अजून चार भराव आहेत, काका."

त्याने झाकण दाबून पाहिलं. ते बसेना. तो दोरी गुंडाळून गाठ मारू लागला, तेव्हा गाठीवर तिने बोट धरलं.