हार्लनचा घोट

आमचा गायक हार्लन जाऊन महिना झाला. रविवारी दुपारी टेक्सासमधल्या ज्या गुत्त्यात तो गायचा, तिथंच त्याची मुलगी वायनेल त्याच्यावर रचलेलं गाणं म्हणायला उभी राहिली. गिटारवर मीच होतो. बियरचा घोट घेतल्याशिवाय हार्लन कधी कडवं सुरू करायचा नाही. तीस वर्षं आम्ही वादक त्याला मनातल्या मनात शिव्या घालत दोन ठोके जास्त वाजवायचो.

वायनेलनं कडवं बरोबर वेळेवर उचललं. आम्ही सवयीनं दोन ठोके मागेच राहिलो. समोर नाचणारी म्हातारी जोडपीसुद्धा पाऊल रोखून उभी राहिली.

तिनं गाणं थांबवलं. "काका, कुणासाठी थांबलात सगळे?"

मी म्हटलं, "पोरी, त्या गाढवाचा घोट अजून संपायचाय."