छतावरचा भाऊ

वोर्कनेश आमच्याकडे आली ती येशूच्या पुनरुत्थानाच्या मोठ्या सणाआधीच्या सोमवारी, यात्रेकरूंच्या टोळीतून फुटून, एकटीच. जेरुसलेमच्या कोटाच्या आत वाट चुकायला वेळ लागत नाही. तिला एका ज्यू शिपायाने मशिदीकडे पाठवलं, मशिदीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने ज्यूंच्या भिंतीकडे, आणि शेवटी तिळाचे पाव विकणाऱ्या एकाने तिची पांढरी शाल पाहून आमचा जिना दाखवला. येशूच्या थडग्यावर बांधलेल्या चर्चच्या छतावर आम्हा इथिओपियन संन्याशांच्या मातीच्या कोठड्या आहेत. मी तिथं एकतीस वर्षं राहते.

"एमाहोय," ती म्हणाली. आमच्यात संन्यासिनीला अशीच हाक मारतात. "माझा भाऊ इथं आहे, गावच्या यात्रेकरूंनी पाहिलाय. देम्से."

"देम्से इथं कोणी नाही."

"डाव्या भुवईत खाच आहे. लहानपणी मीच दगड मारला होता."

मग कळलं. आमचा अब्बा वोल्दे. संन्याशाला आमच्यात अब्बा म्हणतात, आणि दीक्षा घेतली की नाव बदलतं.

मी त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "संसार सोडला तेव्हा बहीणही सोडली. देव तिचं भलं करो." आणि पोथी उघडून बसला.

निरोप ऐकून ती रडली वगैरे नाही. "माझं विमान पुढच्या सोमवारी आहे," एवढंच म्हणाली आणि अंगणात बसली. टोळीतले लोक बेथलेहेमला जाऊन आले, जैतुनाच्या डोंगरावर जाऊन आले. ही रोज सकाळी आमच्याकडे. अंगण झाडायची, उपासाचे मसूर निवडून द्यायची.

गुरुवारी दुपारी मशिदीची बांग संपली आणि तो कोठडीबाहेर आला.

"बाई, उन्हात का बसता?"

"बाई कुणाला म्हणतोस रे? नाक पुसलंय मी तुझं."

तो समोरच्या पायरीवर बसला.

"आई गेली. तीन वर्षं झाली."

"मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो."

"जिवंत म्हणून, की मेलेली म्हणून?"

त्याने हातातला क्रूस दुसऱ्या हातात घेतला.

"आणि झेनेबेच?" वोर्कनेश म्हणाली. "ठरलेलं लग्न टाकून पळालास. पोरगी सहा वर्षं थांबली."

"मग?"

"मग मीच तिला माझ्या दिराला करून दिली. चार मुलं आहेत."

"सुखात आहे?"

"ते विचारणारा तू कोण?" मग म्हणाली, "आहे. दीर पितो, पण मारत नाही."

मला हसू आलं. मी मसुराच्या सुपात मान घातली.

"तुला न्यायला नाही आले मी," ती म्हणाली. "न सांगता का गेलास, तेवढं सांग."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

 मग पिशवीतून घरच्या तिखटाचं पुडकं काढून तिने माझ्या हातात दिलं. "सगळ्यांच्या जेवणात घाला. त्याला एकट्याला देऊ नका."

तो उठून उभा राहिला. "ताई," म्हणाला. तिने त्याच्या हातातल्या लाकडी क्रूसाला कपाळ टेकलं, कोणीही यात्रेकरू टेकतो तसं, आणि जिना उतरून गेली. पुन्हा आली नाही. रविवारच्या गर्दीत असेल, मला दिसली नाही.

सणानंतर आठवडाभर अब्बा वोल्दे कुणाशी बोलला नाही. मग आमचा पाण्याचा नळ बिघडला. तो त्यालाच दुरुस्त करता येतो, त्यामुळे त्याला बोलावं लागलं.